जुनी स्प्लेंडर कमी खर्चात उभी करताना: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

जुनी गाडी घेऊन ती मनासारखी करायला निघालेल्या अनेकांचं बजेट एकाच ठिकाणी फसतं. गाडी घरी आली की पहिल्या आठवड्यातच टाकी आणि साइड पॅनल पेंटरकडे जातात. मग नवी सीट बसवताना चॅसीला पट्टी वेल्ड करावी लागते आणि तिथला रंग जळतो. त्यानंतर इंजिन खोललं जातं, खरा खर्च तेव्हा कळतो, आणि तोवर खिसा रिकामा झालेला असतो. गाडी अर्धी खोललेली, चकचकीत टाकीसकट, जिन्याखाली पडून राहते.

म्हणून हा लेख मुख्यतः क्रमाबद्दल आहे. उदाहरणासाठी हिरो होंडा स्प्लेंडर घेतली आहे. ९७.२ सीसीचं तिचं आडवं इंजिन गावोगावचे मेकॅनिक डोळे मिटून खोलतात आणि स्पेअर तालुक्याच्या गावातही मिळतात. यामाहा आरएक्स १०० चं वेड मला समजतं, पण तिचं भारतातलं उत्पादन १९९६ मध्येच थांबलं. चांगल्या गाडीची किंमत आणि अस्सल पार्टचे भाव पाहता कमी बजेटमध्ये पहिली गाडी म्हणून ती घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

टप्पा १: आधी कागद, मग पाना

आरसीवरचा चॅसी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर कोरलेल्या नंबरांशी स्वतः ताडून बघा. चॅसी नंबर हँडलखाली, चॅसीच्या मानेवर असतो. तिथे ग्रीस आणि मातीचा थर असेल तर रॉकेलच्या फडक्याने पुसा, पण घासायला पॉलिश पेपर वापरू नका. स्प्लेंडरची इंजिनं सर्रास बदललेली असतात. इंजिन नंबर जुळत नसेल आणि बदलाची नोंद आरसीवर नसेल, तर गाडी कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या.

एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून नोंदणी चालू आहे का, बँकेचा बोजा आहे का, हे पाहा. थकलेली ई-चलानं वेगळी तपासा. ट्रान्सफरसाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. बोजा उतरवायचा असेल तर फॉर्म ३५ वर बँकेची सही हवी. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी आधी मागा.

खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते. नंतर फॉर्म २५ भरून, गाडी आरटीओत दाखवून ती पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. महाराष्ट्रात त्यासोबत पर्यावरण करही येतो. नूतनीकरण राहिलेलं असेल तर उशिराचा दंड महिन्यागणिक वाढत जातो. हा सगळा आकडा गाडीच्या किमतीत मिळवूनच भाव ठरवा.

> इशारा: मूळ मालक हयात नसेल किंवा सापडत नसेल, तर वारसाची कागदपत्रं हातात येईपर्यंत एक रुपयाही देऊ नका. "सही नंतर आणून देतो" यावर घेतलेली गाडी कधीच तुमच्या नावावर होत नाही.

टप्पा २: गाडी चालू असतानाच दुखणं ओळखा

खोललेलं इंजिन आवाज करत नाही आणि धूरही सोडत नाही. त्यामुळे खोलण्याआधी शक्य तेवढं टिपून घ्यायचं. बघायला जाल तेव्हा आधी इंजिनला हात लावा. ते गरम असेल तर विकणाऱ्याने तुम्ही यायच्या आधीच स्टार्ट करून ठेवलं आहे. ते गार होऊ द्या.

गार इंजिन स्टार्ट करून धूर बघा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. सुरुवातीला थोडा निळा धूर येऊन थांबत असेल, तर बहुधा व्हॉल्व्ह सील गेली आहेत. रेस केल्यावर किंवा चढावर सतत येत असेल तर पिस्टन, रिंग आणि बोअरचं (सिलिंडरच्या आतल्या भोकाचं) काम आहे. या दोन्हींच्या खर्चात मोठा फरक आहे. धूर दिसला की लगेच "बोअर करून टाका" म्हणणाऱ्याला आधी हे विचारा की धूर नेमका कधी येतो.

नंतर आवाज. हेडच्या डाव्या बाजूने साखळी घासल्यासारखी खळखळ येत असेल तर टायमिंग चेन आणि तिचा टेन्शनर. वरून बारीक टकटक असेल तर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागातली फट. आणि खालून, इंजिनच्या पोटातून येणारा जड ठोका म्हणजे क्रँक, पिस्टनने फिरणारा मुख्य दांडा. क्रँकचं काम निघणार असेल तर किंमत पाडून घ्या किंवा दुसरी गाडी शोधा.

गाडी डबल स्टँडवर लावा. हँडल सावकाश या टोकाहून त्या टोकाला फिरवा. मधोमध अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट (हँडलच्या मानेतलं बेअरिंग) गेला. मागचं चाक धरून डावीकडे-उजवीकडे हलवा. खेळ दिसला तर स्विंग आर्मचे बुश किंवा चाकाचं बेअरिंग. मग दहा पावलं मागे जाऊन बसा आणि दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का ते बघा. अपघातात वाकलेली चॅसी स्वस्तात सरळ होत नाही.

टप्पा ३: पैशांची वाटणी कागदावर

समजा गाडीची किंमत आणि कागदांचा खर्च सोडून तुमच्याकडे ३०,००० रुपये आहेत. शहरागणिक भाव बदलतात, पण वाटणी साधारण अशी ठेवा: इंजिन आणि कार्बोरेटरला १०,०००, टायर, ब्रेक, चेन-स्प्रॉकेट, बेअरिंग, शॉकअप यांना ८,०००, वायरिंग आणि बॅटरीला ३,०००, सीट, हँडल वगैरे बदलांना २,०००, रंगाला ४,०००. उरलेले ३,००० रुपये बाजूला. त्यांना हात लावायचा नाही, कारण खोलल्यावर काहीतरी निघतंच.

पैसे कमी पडले तर कात्री खालून लावायची: आधी रंग, मग बदल. ब्रेक आणि टायरमधून कधीही नाही.

जुने पार्ट कुठे घ्यायचे, हेही आत्ताच ठरवा. पुण्याचा जुना बाजार किंवा कुर्ल्याचं भंगार मार्केट मडगार्ड, साइड पॅनल, हेडलाइटचा घुमट, टाकीचं झाकण, फूटरेस्ट यांसाठी उत्तम. पिस्टन, रिंग, बेअरिंग, ब्रेक शू, क्लच प्लेट, केबल आणि ऑइल सील मात्र नवीच, तीही ओळखीच्या दुकानातून. टायर घेताना बाजूवर छापलेला चार अंकी आकडा वाचा: २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. सवलतीत मिळणारा टायर बऱ्याचदा गोदामात वर्षानुवर्षं पडलेला असतो.

टप्पा ४: खोलणं

खोलायला जेवढा वेळ द्याल, त्याच्या दुप्पट जोडताना वाचतो. प्रत्येक जोड सुटण्याआधी फोटो काढा: वायर कुठून गेली, केबल कुठल्या बाजूने वळली, वॉशर आत होता की बाहेर. प्रत्येक भागाचे नटबोल्ट वेगळ्या पिशवीत, आणि पिशवीत नाव लिहिलेली चिठ्ठी.

इंजिनच्या साइड कव्हरचे स्क्रू सारख्या लांबीचे नसतात. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढा आणि स्क्रू जिथून निघाला तिथेच पुठ्ठ्यात खोचा. लांब स्क्रू आखूड जागी घातला की अ‍ॅल्युमिनियमची चुडी (आटे) तरी जाते, नाहीतर केसिंगला तडा तरी.

हे स्क्रू साध्या स्क्रू ड्रायव्हरने काढायला गेलात की डोकी गोल होतात. इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या किंवा दिवसापुरता मागून आणा. गंजलेल्या नटांवर गंज सोडवणारं ऑइल टाकून रात्रभर ठेवा. मॅग्नेट (क्रँकच्या टोकावरचं, वीज तयार करणारं चाक) काढायला पुलरच हवा. हातोड्याने ठोकून काढलेल्या मॅग्नेटची किंमत क्रँक मोजतो.

> इशारा: जुन्या ब्रेक शूची धूळ फुंकू नका, एअरही मारू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. मास्क लावा आणि ओल्या फडक्याने पुसा.

टप्पा ५: इंजिन

घरी इंजिन काढणं आणि धुणं जमतं. आतलं काम मेकॅनिक आणि लेथवाल्याकडे द्या, पण समोर उभं राहून करून घ्या. कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या भागात बोअरिंग, व्हॉल्व्ह सीट, वेल्डिंग एकाच गल्लीत होतं. गावाकडे राहणाऱ्यांनी सगळी कामं एका फेरीत बसवावीत.

सर्वात महागात पडणारी चूक इथे होते: आधी बोअर, मग पिस्टन. क्रम उलटा हवा. लेथवाल्याने सिलिंडर मोजून सांगितलं की किती ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा मोठा) लागेल, तेवढा पिस्टन विकत घ्या. मूळ बोअर ५० मिलिमीटर असतो; पिस्टन ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० अशा पायऱ्यांत मिळतात. तो पिस्टन लेथवाल्याच्या हातात द्या आणि त्याच पिस्टनच्या मापाला बोअर करून घ्या. दोन कंपन्यांच्या ०.५० पिस्टनमध्येही बारीक फरक असतो. मोकळा झाला तर पिस्टन वाजतो, घट्ट झाला तर पहिल्याच लांब फेरीत जाम होतो. आणि एकदम मोठ्या पायरीवर उडी मारू नका; पुढच्या वेळेसाठी सिलिंडरमध्ये माल शिल्लक राहू द्या.

बोअर करून आलेला सिलिंडर गरम पाण्यात साबण घालून ब्रशने धुवा, पांढरं फडकं काळं व्हायचं थांबेपर्यंत. नंतर लगेच ऑइलचा हात फिरवा. होनिंगची (बोअरनंतर आतून घासण्याची) बारीक पूड आत राहिली तर नव्या रिंगा काही दिवसांतच झिजतात. फक्त पेट्रोलने धुतल्यावर ती पूड पूर्ण निघत नाही.

पिस्टनचं सर्कलिप (पिस्टनची पिन जागेवर धरणारी छोटी कडी) नेहमी नवं घाला आणि घालताना क्रँककेसचं तोंड फडक्याने बंद करा. सर्कलिप आत पडलं तर सगळं इंजिन पुन्हा खोलावं लागतं. रिंगेवर अक्षर कोरलेलं असेल ती बाजू वर.

हेडचं काम झालं की घरबसल्या एक चाचणी करता येते. व्हॉल्व्ह बसवलेलं हेड उलटं धरून इनटेक आणि एक्झॉस्टच्या पोर्टमध्ये थोडं रॉकेल ओता. काही मिनिटांत व्हॉल्व्हच्या कडेने पाझरलं, तर ग्राइंडिंग पुन्हा करायला लावा. व्हॉल्व्ह सील बदलण्याचा खर्च किरकोळ आहे. हेड खोललंय तर बदलाच.

आता अशी गोष्ट, जी कित्येक स्प्लेंडरमध्ये गाडी घेतल्यापासून कुणी पाहिलेलीच नसते. या इंजिनाला बाहेरून बदलायचा कागदी ऑइल फिल्टर नाही. क्लचच्या बाजूचं कव्हर उघडलं की क्रँकच्या टोकाला सेंट्रिफ्युगल फिल्टर असतो. फिरता फिरता तो ऑइलमधला कचरा कडेला चिकटवून ठेवतो. त्याचं झाकण काढून आतला घट्ट काळा गाळ खरवडून, रॉकेलने स्वच्छ पुसून काढा. खालची जाळीही काढून धुवा. नवा पिस्टन घालून हा गाळ तसाच ठेवणं म्हणजे नव्या इंजिनाला जुनं घाणेरडं ऑइल पाजणं.

टायमिंग लावताना मॅग्नेटवरची टी खूण केसच्या खुणेसमोर आणि कॅम स्प्रॉकेटची खूण हेडच्या खुणेसमोर हवी. हेडचे नट एकामागोमाग नाही, तिरपे समोरासमोर, दोन-तीन फेऱ्यांत आवळायचे. टॉर्क पाना मेकॅनिककडे नसेल तर भाड्याने आणा. टॅपेटची फट गार इंजिनवर, कॉम्प्रेशनच्या टोकाला, फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) लावायची.

> तपासणी: किक मारण्याआधी मॅग्नेट हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. कुठेही टणक अडलं तर थांबा आणि टायमिंग पुन्हा बघा. मग ऑइल भरून, प्लग काढून, पंचवीस-तीस किका मारा. टॅपेटचं झाकण उघडून वर ऑइल पोचलंय याची खात्री केल्यावरच प्लग लावा.

कार्बोरेटर पूर्ण खोलून जेट आणि बारीक भोकं एअरने साफ करा. त्यात तार घालू नका. भोक मोठं झालं की ॲव्हरेज गेलं. फ्लोटची सुई, ओ-रिंग आणि पेट्रोलचा पाइप नवे घ्या. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुनं रबर त्यात फुगतं, चिरतं आणि गळायला लागतं. गाडी महिना-दीड महिना उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवा.

टप्पा ६: चाकं, ब्रेक, शॉकअप

चाकाचे बेअरिंग, ब्रेक शू आणि केबल एकदमच बदला. रिमचा आउट (वाकडेपणा) काढून घ्या, गंजलेले स्पोक बदला. पुढच्या शॉकअपचे पाइप काचेवर लोळवून बघा. वाकलेला असेल तर लगेच कळतो. ऑइल सील नवी, आणि दोन्ही पायांत ऑइल मोजून सारखंच.

टायर कंपनीच्या मापाचेच ठेवा: २.७५-१८. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की तो कडेने चिमटतो, चेनला किंवा स्विंग आर्मला घासतो, आणि छोट्या इंजिनाची ओढ कमी होते.

चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट सेटमध्येच बदलायचे. चेनलॉकच्या क्लिपचं बंद टोक चेन पुढे जाते त्या दिशेला हवं.

टप्पा ७: रंगाआधीची पूर्ण जुळणी

हा टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि सगळ्यात जास्त पैसा इथेच वाचतो. एकही भाग रंगवण्याआधी पूर्ण गाडी एकदा कच्ची उभी करायची: इंजिन, चाकं, टाकी, नवी सीट, नवं हँडल, मडगार्ड, इंडिकेटर, नंबर प्लेट, सगळं जागेवर.

आधी काय बदलायचं ते ठरवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत आणि आरसीवरच्या तपशिलात मनमानी बदल चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हेच सांगितलं. चॅसी कापणं, मागची कमान उडवणं, दुसऱ्या मॉडेलचं इंजिन बसवणं, हे सोडून द्या. कॅफे रेसर करण्यासाठी चॅसीचा मागचा भाग कापलेली गाडी नूतनीकरणाला पास होत नाही आणि विकलीही जात नाही. सायलेन्सरही मूळचाच. फटफट आवाजाचे सायलेन्सर पोलीस काढून घेतात आणि रोडरोलरखाली घालतात, हे महाराष्ट्रात सगळ्यांनी पाहिलंय.

मूळ बोल्टच्या भोकांवर बसणारी आणि हवी तेव्हा काढता येणारी कामं मात्र पुष्कळ आहेत. सपाट शिवलेली सीट, थोडं खाली किंवा सरळ हँडल, गोल हेडलाइट, लोखंडी मडगार्ड, गुडघ्याचे रबर पॅड, एकरंगी टाकी. स्प्लेंडरचा चौकोनी चेहरा गोल दिव्याने एवढा बदलतो की बाकी फार करावं लागत नाही. सीट नवी घेऊ नका. जुन्याच पत्र्यावर फोम कापून, सीटवाल्याकडून कव्हर शिवून घ्या.

> तपासणी: कच्च्या गाडीवर बसा. हँडल दोन्ही टोकांना पूर्ण वळवा: क्लच किंवा ॲक्सिलरेटरची केबल ताणते का, हँडल टाकीला लागतं का? मागे दोघांना बसवून टायर मडगार्डला टेकतो का ते बघा. स्टँड, किक आणि ब्रेक पेडल मोकळे फिरतात का?

वेल्डिंग, भोकं, पट्ट्या, सगळं या टप्प्यात संपवा. वेल्डिंगच्या वेळी बॅटरी आणि सीडीआय (प्लगला ठिणगी देणारा इलेक्ट्रॉनिक डबा) काढून ठेवा. पेट्रोल काढलेली टाकी रिकामी नसते. आत वाफ असते आणि ठिणगीने ती फुटते. टाकीला टाका मारायचा असेल तर ते काम टाकीवाल्याचंच.

टाकीच्या आतला गंज घरी काढता येतो. कॉक काढून तोंड बंद करा, मूठभर छोटे नट आणि व्हिनेगर टाकून एक-दोन दिवस अधूनमधून हलवा. मग खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने आणि साध्या पाण्याने धुवा, उन्हात कडक वाळवा आणि लगेच थोडं ऑइल-पेट्रोल आत फिरवा. हे शेवटचं राहिलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तांबूस थर येतो. नट मोजून टाका, तेवढेच बाहेर यायला हवेत.

टप्पा ८: रंग

आता गाडी पुन्हा खोला. चॅसीला पावडर कोटिंग करणार असाल तर भट्टी साधारण १८० ते २०० अंशांची असते. रबर, बुश, कोनसेटच्या वाट्या, काहीही आत राहता कामा नये.

> इशारा: चॅसी नंबरवर सँडब्लास्टिंग, पुट्टी किंवा पावडरचा जाड थर येऊ देऊ नका. कोटिंगवाल्याकडे देण्याआधी तिथे टेप लावा आणि त्याला तोंडी सांगा. नंतर हाताने पातळ रंग मारा. नंबर वाचता आला नाही तर आरटीओत गाडी अडते. चुडी आणि वायरिंगच्या अर्थच्या जागाही (जिथे वायर चॅसीला जोडली जाते) झाकून घ्या.

टाकी आणि पॅनल घासण्याचं काम स्वतः करा, मजुरी बरीच वाचते. जुना रंग पत्र्यापर्यंत काढा. फोड आलेल्या रंगावर पुट्टी लावलेली टाकी पहिल्या पावसाळ्यातच पुन्हा फुगते. उघडा पत्रा त्याच दिवशी प्रायमरखाली गेला पाहिजे, कोकणात तर तासाभरात. पुट्टी पातळ, मग सरफेसर, मग ४०० आणि ८०० चा पाणीपेपर.

शेवटचा हात पेंटरकडून, हार्डनर घातलेल्या टू-के रंग आणि लॅकरचा. साधा लॅकर पेट्रोलचा थेंब पडला की विरघळतो. टू-केचा फवारा फुप्फुसांना घातक असतो, तो घरच्या गॅलरीत मारू नका. पावसाळ्यात रंगकाम टाळा. दमट हवेत लॅकर पांढुरका पडतो.

मूळ रंग बदलायचा असेल तर आधी आरटीओत अर्ज करून आरसीवर नव्या रंगाची नोंद घ्या. काळ्याची काळीच ठेवलीत तर हा फेरा वाचतो.

टप्पा ९: पक्की जुळणी आणि वायरिंग

जुनी हार्नेस (वायरींचा जुडगा) चांगली असेल तर तीच ठेवा. तुटलेले जोड पिळून टेप गुंडाळू नका. सोल्डर करून वर हीट श्रिंक स्लीव्ह चढवा. दिवे मंद, इंडिकेटर अडखळत, हॉर्न बसका, हे सगळं एकाच वेळी दिसलं तर आधी अर्थ तपासा. नव्या रंगाखाली अर्थ दबलेला असतो. तिथला रंग खरवडून पत्रा उघडा करा.

जुन्या गाड्यांचा हेडलाइट थेट मॅग्नेटच्या एसी करंटवर चालतो. त्यावर एलईडी लावला की तो लपलपतो. एलईडी हवाच असेल तर डीसी लाइन करून घ्या, नाहीतर चांगला हॅलोजन पुरतो. काही जुन्या गाड्यांत ६ व्होल्टची सिस्टिम सापडते, तेव्हा बल्ब आणि बॅटरी घेण्याआधी व्होल्टेज बघा.

टप्पा १०: पहिले ५०० किलोमीटर

पहिली फेरी घराजवळच, पाना-पकड सोबत घेऊन. परत आल्यावर एक्सलचे नट, हँडलचे क्लॅम्प, इंजिन माउंटिंगचे बोल्ट आणि चेनचा ताण बघा. नवे स्पोकही सुरुवातीला सैल होतात.

बोअर केलेलं इंजिन असेल तर ५०० किलोमीटरपर्यंत ४५-५० च्या वर जाऊ नका, पण एकाच वेगाने तासभरही चालवू नका. वेग कमीजास्त ठेवा, वरच्या गिअरमध्ये कण्हत ओढू नका, डबलसीट घाट टाळा. ३०० किलोमीटरला ऑइल बदला, काढलेलं ऑइल उजेडात धरून बघा. थोडी चकाकी असणं ठीक. चिमटीत लागणारे कण दिसले तर गाडी मेकॅनिककडे. ५०० ला पुन्हा ऑइल, आणि गार इंजिनवर टॅपेट. ऑइल बघताना डिपस्टिक फक्त टेकवायची, आटे फिरवून बसवायची नाही, नाहीतर पातळी चुकीची दिसते.

याच काळात पीयूसी, थर्ड पार्टी विमा आणि एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट उरकून घ्या. नूतनीकरणाची तारीख जवळ असेल तर आरटीओची अपॉइंटमेंट या ५०० किलोमीटरनंतरची घ्या, म्हणजे तपासणीला जाताना ब्रेक, दिवे आणि हॉर्न रस्त्यावर पारखलेले असतील.